लाइन तं बरोबर आहे

बंद पडलेल्या वस्तूचं एक बरं असतं. पंखा फिरेना, नळाला पाणी येईना, स्कूटर सुरू होईना, म्हणजे बिघाड झाला याबद्दल घरात दुमत नसतं आणि फोन कोणाला लावायचा हेही ठरलेलं असतं. रडतखडत चालणाऱ्या वस्तूला मात्र कोणी वाली नाही. ती चालते, म्हणून मिस्त्री हात लावत नाही. धड चालत नाही, म्हणून आपल्याला चैन पडत नाही. त्यात आदल्याच आठवड्यात घरात काही नवं आणलेलं असलं, की तपास तिथेच संपतो. जे नवं, तेच गुन्हेगार.

माझ्या लॅपटॉपच्या बाबतीत नवं काय ते उघडच होतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० ची साथ सोडली, तीही ऐन दिवाळीच्या तोंडावर. लक्ष्मीपूजन २१ला होतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही त्याच्या यादीतला लागतो, आणि माझं यंत्र दोन्हींत नापास. तसा चांगला चालता लॅपटॉप. कीबोर्डवरची काही अक्षरं पुसली गेलीत, पण ती बोटांना पाठ आहेत. दूर कुठेतरी एक तारीख उलटली म्हणून तो भंगारात काढायचा, हे काही मनाला पटेना. सणाला पुण्याहून आलेल्या भाच्याने दोन फराळांच्या मधल्या वेळात त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. पूर्वी बटण दाबून मी कुकर लावून यायचे, तरी गोल फिरतच असायचा. आता मी खुर्ची ओढेपर्यंत पासवर्ड विचारायला यंत्र हजर.

भाऊबीज आटोपून भाचा गेला आणि लक्षात आलं की नेट रांगतंय.

रांगतंय म्हणजे कसं, तर बातमीचा मथळा यायचा आणि खालचा फोटो पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचा. ईमेल उघडायचं, जोडलेली फाइल उघडायची नाही. मधूनच पाच-दहा सेकंद सगळं सुरळीत व्हायचं, की वाटावं आपलीच समजूत चुकीची होती. की पुन्हा गोल फिरायला लागायचा. शेजारीच ठेवलेला फोन त्याच वायफायवर सुसाट. आणि गंमत अशी की लॅपटॉप उचलून पुढच्या खोलीत राउटरपाशी नेला, की तोही सुसाट.

आमचं घर नागपूरच्या सदरमधलं, रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीतलं. रस्त्याच्या नावात ब्रिटिश रेसिडेंट अजून टिकून आहे, शेजारच्या वस्तीच्या नावात छावणी टिकून आहे, आणि आमच्या घरात त्या काळच्या थाटाच्या दीड फुटी भिंती टिकून आहेत. उन्हाळ्यात त्यांना दुवा द्यावा. वायफायला त्या शाप. राउटर पुढच्या खोलीत, माझं टेबल पार मागे, स्वयंपाकघराला लागून. मध्ये अशा दोन भिंती. पण त्याच भिंती दिवाळीआधीही होत्या आणि तेव्हा याच टेबलावर मी तासन्‌तास काम केलेलं आहे.

निकाल द्यायला माणसं तयारच होती. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "फुकटाचं ते फुकटाचंच गं. मी तेव्हाच म्हणणार होते." रस्त्यावरच्या दुकानदाराने लॅपटॉप उघडूनही पाहिला नाही. "मॅडम, ये सब छोडो. विंडोज टाकून देतो, सब ठीक हो जाएगा." सदरमध्ये एका वाक्यात दोन भाषा ही काही खास गोष्ट नाही. केबल कंपनीचा लाइनवाला पोरगा आला, त्याने आपल्या मोबाइलवर स्पीड मोजला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरला. "लाइन तं बरोबर आहे ताई. पाहा ना, कशी पळून राहिली. तुमचं हे नवीन जे टाकलं ना, तेच स्लो करून राहिलं." तिघांनाही कारण वेगवेगळं गाठून विचारलं होतं आणि तिघांनी एकच उत्तर दिलं. त्यामुळेच मला शंका आली, असं म्हटलं तर ते आगाऊपणाचं होईल. पण उत्तर फार सोपं होतं, एवढं खरं.

भाच्याला फोनवर मी लक्षण सांगितलं: तुझं लिनक्स स्वयंपाकघराच्या दाराच्या अलीकडे चालतं, पलीकडे चालत नाही. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मावशी, हे तर ५०० मैलांचं प्रकरण."

ते प्रकरण असं. ट्रे हॅरिस नावाचा एक गृहस्थ नव्वदच्या दशकात अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची ईमेल यंत्रणा सांभाळत असे. एक दिवस संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला की आमच्या विभागातून ५०० मैलांपलीकडे ईमेल जात नाही. ईमेल असं वागत नसतं, हे हॅरिसने सभ्य शब्दांत सांगून पाहिलं. प्रमुख म्हणाले, ५०० म्हणजे अगदी ५०० नव्हे, थोडं जास्त, ५२० वगैरे. संख्याशास्त्राची माणसं ती. त्यांनी आधी आकडे जमवले होते, नकाशावर वर्तुळ तपासलं होतं आणि मगच फोन उचलला होता. हॅरिसने स्वतः पत्रं पाठवून पाहिली. अटलांटा, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क: पोचली. मेम्फिस, बोस्टन, डेट्रॉइट: नाही. त्याच राज्यात राहणाऱ्या एका मित्राला पाठवलं तर तेही गेलं नाही. मित्र जवळ होता, पण त्याची ईमेल सेवा होती सिॲटलला.

झालं होतं एवढंच, की बाहेरच्या एका सल्लागाराने त्या विभागाच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली होती. ईमेलला मी हातही लावला नाही, असं तो सांगत होता, आणि त्याच्या समजुतीपुरतं ते खरं होतं. पण त्या कामात पत्रं पोचवणारा सेंडमेल हा प्रोग्राम मुकाट्याने जुन्या आवृत्तीवर घसरला. सेटिंगची फाइल मात्र नव्या आवृत्तीसाठी लिहिलेली, ती तशीच राहिली. जुन्या सेंडमेलला त्यातल्या लांबलचक नावांच्या ओळी कळेनात, म्हणून त्याने त्या ओलांडल्या. पलीकडचं यंत्र उत्तर देईपर्यंत किती वेळ थांबायचं, ही ओळ त्यांतलीच. ओळ नाही, म्हणजे थांबायचा वेळ शून्य. आणि त्या यंत्रावर शून्य म्हणजे प्रत्यक्षात भरत होतं एका सेकंदाच्या हजार भागांपैकी तीन भागांहून किंचित जास्त. तेवढ्यात प्रकाश जातो ५५८ मैल. त्यापलीकडच्या गावाचं उत्तर यायच्या आत सेंडमेलने फोन ठेवलेला असायचा. जाण्यायेण्याचा हिशेब धरला तर अंतर निम्मं का येत नाही, असे प्रश्न लोकांनी हॅरिसला पुढे पुष्कळ विचारले. गोष्ट रंगावी म्हणून काही कंटाळवाणे तपशील गाळल्याचं त्यानेही मान्य केलं आहे. मला त्यात काही गैर वाटत नाही.

५५८ मैल म्हणजे साधारण ९०० किलोमीटर. आमच्या घरापासून झिरो माइलचा खांब चालत जाण्याच्या अंतरावर. तो सर्व्हर त्या खांबापाशी असता तर हवाई अंतराने मुंबई वर्तुळात बसली असती, दिल्ली बसली असती, चेन्नई उंबरठ्यावर अडखळली असती आणि कोलकाता बाहेर. लेक कोलकात्याला दिलेल्या एखाद्या नागपूरकर प्राध्यापकाने तिचा अबोला किती दिवस मनाला लावून घेतला असता, कोण जाणे.

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतात ते विभागप्रमुख. हास्यास्पद वाटणारं लक्षण त्यांनी हास्यास्पद आहे म्हणून टाकून दिलं नाही. 'नेट स्लो आहे' ही तक्रारच नव्हे. ते नुसतं कण्हणं. किती स्लो, कुठे बसल्यावर, कशाच्या तुलनेत, हे सांगितलं की तक्रार होते. तेव्हा मीही वही काढली.

पहिली कसोटी वायरची. हवेतून येणारं नेट बाजूला ठेवायचं आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत सरळ केबल लावायची. ती केबल ड्रॉवरमध्ये वीस वर्षं पडून होती, बीएसएनएलच्या डेटावनच्या काळातली. २००५ साली तो ब्रॉडबँड आला तेव्हा वेग होता २५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. त्यांच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे. त्या वेळी लिनक्सची एक सीडी साधारण ७०० एमबीची. हिशेब करून पाहा: सगळं सुरळीत चाललं तरी तिला सहा तास आणि वर काही मिनिटं लागतात, आणि फुकटचे तास बरोबर सहा. सीडी पंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे आलेली असायची आणि आठ वाजायचे. मग उरलेलं दुसऱ्या रात्री. उबंटूवाले पत्ता कळवला तर पोस्टाने सीडी फुकट घरी पाठवत, तो मार्गही होता. पण रात्री दोनचा गजर लावून उठण्यात जी शान होती ती पोस्टमनच्या हातून सीडी घेण्यात नव्हती. मुद्दा एवढाच की तो संथपणा बिलावर छापून आलेला होता. त्याचा मालक ठाऊक होता, त्यामुळे राग येत नसे. आता बिलावर १०० एमबीपीएस छापलेले आणि एका फोटोला अर्धा मिनिट.

केबल लावली. शंभरातले नव्वदच्या वर आकडे आले. म्हणजे लिनक्स स्लो नव्हतं, लाइन तर नव्हतीच. दुकानदार आणि काकू एका झटक्यात बाद. दोष होता तो हवा आणि लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड यांच्या दरम्यान कुठेतरी.

मग नेहमीचे संशयित. बॅटरी वाचावी म्हणून लिनक्स वायफायच्या कार्डाला मधूनमधून डुलकी घेऊ देतं. काही कार्डं त्या डुलकीतून वेळेवर उठत नाहीत. पिंग लावून ठेवलं, म्हणजे राउटरला एकसारखी हाक मारत राहायचं आणि ओ यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. कधी तीन मिलिसेकंद, कधी सातशे. डुलकी बंद केली. थोडा फरक पडला, थोडाच. दुसरा संशय गर्दीवर. सदरच्या हवेत किती वायफाय आहेत हे एकदा यादी काढून पाहावं: वरच्या काकूंचं, खालच्या ट्यूशन क्लासचं, समोरच्या दवाखान्याचं, दोन हॉटेलांचं, आणि एकाने आपल्या वायफायला 'मांगू नका' असं नाव दिलेलं. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल मोजून तीन, १, ६ आणि ११. आमचं वायफाय सहावर होतं, जिथे अर्धं सदर होतं. अकरावर नेलं. काही नाही.

शेवटी भाच्याने एक आकडा विचारला, जो मी पहिल्याच दिवशी लिहायला हवा असं कोणी सांगितलं नव्हतं: सिग्नल किती. तो डीबीएममध्ये मोजतात आणि नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. टेबलावर फोन दाखवत होता उणे ४८. त्याला खेटून ठेवलेला लॅपटॉप दाखवत होता उणे ८४. दिसायला फरक ३६ चा. पण या मापात दर दहाला दहापट असते. म्हणजे एकाच टेबलावर, त्याच दोन भिंतींमागे, लॅपटॉपला फोनच्या सुमारे चार हजारावा हिस्सा ऐकू येत होतं. दीड फुटी भिंतींचीही तेवढी प्राज्ञा नाही. शिवाय त्या दोघांनाही सारख्याच होत्या.

"मावशी, मागचं झाकण उघड."

व्हिडिओ कॉलवर त्याला दाखवत मी स्क्रू काढले. बॅटरीची जोडणी आधी सोडवली. कोपऱ्यात वायफायचं कार्ड होतं, हिरवं, अंगठ्याच्या पेराएवढं, आणि त्याच्या कडेला दोन बारीक सोनेरी कड्या. या कड्यांवर अँटेनाच्या तारा बसतात; तारा पुढे बिजागरीतून स्क्रीनच्या कडेपर्यंत जातात. इथे कड्या दोन होत्या आणि तार एक. काळी, केसासारखी बारीक, एका कडीवर घट्ट बसवलेली. दुसरी कडी रिकामी. तुटलेली तार वगैरे काही नाही. तिथे तार कधी नव्हतीच. कारखान्याने एका तारेचे पैसे वाचवले होते.

पुढचं भाच्याने उलगडून सांगितलं. दोनांपैकी कोणत्या कडीला तार लावली आहे, हे कार्डातल्या एका चिमुकल्या स्मृतीत नोंदवायचं असतं. आमच्या कार्डात ती नोंद चुकीची होती. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजच्या ड्रायव्हरला मात्र कारखान्यातल्या कोणीतरी परस्पर सांगून ठेवलं होतं की नोंदीकडे पाहू नकोस, तार दुसरीकडे आहे. लिनक्सला हे सांगणारं कोणी भेटलं नाही. त्याने कागद वाचला, कागदावर विश्वास ठेवला आणि रिकाम्या कडीला कान लावून बसलं. स्वयंपाकघरालगतच्या टेबलावर त्याला जे काही ऐकू येत होतं ते कार्डाच्या पत्र्यातून पाझरलेलं.

इलाज एका ओळीचा निघाला. एका छोट्या फाइलीत ड्रायव्हरच्या नावापुढे लिहायचं: अँटेना दोन नंबरची. लॅपटॉप बंद करून चालू केला. उणे ५१.

मला तो आकडा पाहून आनंद झालाच, पण जास्त करून राग आला, आणि तो लिनक्सवर नव्हता. इतकी वर्षं जे 'बरोबर चालत होतं' ते एका कानगोष्टीवर चालत होतं. जुनं हुशार नव्हतं. त्याला फक्त घरातलं गुपित ठाऊक होतं. असं गुपित कुठे लिहिलेलं नसतं, कारण ते सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला लिहायची गरज पडत नाही. गरज पडते ती तिसरा आला की. आणि तोवर सांगणारा निघून गेलेला असतो.

कधीकधी तर नवं काटेकोर बरोबर वागतं आणि त्यामुळेच रखडतं. २००४ साली लिनक्सच्या एका नव्या आवृत्तीत असं झालं. इंटरनेटवर दोन यंत्रं बोलतात तेव्हा घेणारं यंत्र कळवत असतं की आत्ता मी एवढे बाइट घेऊ शकतो. मूळ नियमात हा आकडा ६५,५३५च्या वर लिहिताच येत नव्हता. १९९२ साली त्यावर तोड काढण्यात आली: आकडा लिहा आणि त्याला कितीने गुणायचं तेही सुरुवातीलाच सांगा. नव्या लिनक्सने हा गुणक मोठा वापरायला सुरुवात केली आणि काही वेबसाइट गोगलगाय झाल्या. शोध घेतला तर वाटेतले काही राउटर तो गुणक परस्पर पुसून उरलेलं पुढे ढकलत होते. घेणारा म्हणत होता भरपूर पाठव. देणाऱ्यापर्यंत पोचत होतं, चिमूटभर पाठव. हे राउटर आधीपासूनच तसे होते. जुन्या आवृत्त्यांनी त्यांना मोठा गुणक कधी सांगितलाच नव्हता, म्हणून ते उजेडात आले नव्हते. त्या वेळी लिनक्स घडवणाऱ्यांत वाद झाला: बिघडलेल्या राउटरांसाठी आपण का वाकायचं? तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण ज्याचं पान उघडत नाही त्याला वाटेतल्या राउटरचं नाव-गाव सापडत नाही. त्याला फक्त काल काय बदललं तेवढं दिसतं, आणि तो जुन्याकडे परत जातो. असे किती परत गेले असतील.

आमच्या फाइलीतली ती ओळ अशीच मुकी ठेवायला मला नको वाटलं. ओळीच्या आधी रेघोट्यांचं चौकटीसारखं एक चिन्ह टाकलं की पुढचं लिखाण यंत्र वाचत नाही, हे भाच्याने सांगितलं होतं. तिथे मी मराठीत लिहिलं: या लॅपटॉपला वायफायची तार एकच आहे, ती दोन नंबरच्या कडीवर आहे, कार्डातली नोंद खोटी आहे, ही ओळ काढू नये, काढल्यास स्वयंपाकघराजवळ नेट मिळणार नाही. तारीख घातली. भाचा म्हणाला, मावशी, जगातली ही एकमेव ड्रायव्हर-फाइल असेल जिच्यात स्वयंपाकघर आहे.

मग झाकण बसवलं. एक स्क्रू उरला. तो वाटीत ठेवला आहे.

केबल कंपनीकडे मी केलेली तक्रार अजून उघडीच होती. तिच्या पोटी दोन दिवसांनी लाइनवाल्या पोराचा फोन आला. "ताई, येऊ का पाहायला? तुमची कम्प्लेंट दाखवून राहिली इथं."

"नको, झालं ठीक."

"पाहा, म्या म्हटलं होतं ना, लाइन तं बरोबर आहे." मग जरा थांबून, "ताई, तुम्ही काय केलं मंग? आमच्या ऑफिसातला एक लॅपटॉप हाये. नवीन विंडोज टाकलं तेव्हापासून लई हळू चालून राहिला. साहेब म्हणते विंडोजच खराब आहे."

"वायर लावून पाहिली का?"

"वायर कायले लावतो? वायफाय आहे ना."

"आधी वायर लाव," मी म्हटलं, "आणि किती आकडा येतो ते लिहून घे."